आठवडाभराचं मशीन

दादाभाऊनं टेम्पोच्या सीटमागून एक काळा खोका काढला आणि ओट्यावर आणून ठेवला, तेव्हा इंद्रायणी मेथी निवडत बसली होती. खोक्यावर एका बाईचं चित्र होतं. तिनं ड्रिल मशीनसारखं काहीतरी हातात धरून स्वतःच्या मांडीला लावलं होतं, आणि वर ती हसत होती.

"हे काय आणलं?"

"तुला आणलंय," म्हणून दादाभाऊ हातपाय धुवायला गेला.

त्याचं बोलणं एवढंच असायचं. पहाटे टेम्पो काढायचा, कांदा-टोमॅटो मंचरला नाहीतर पुण्याच्या मार्केटयार्डात टाकायचा, दिवस कलताना बेल्ह्याला घरी यायचं. त्याचे वडील होते तोवर दारात मेंढरं होती. आता जेमतेम रान, एक टेम्पो, दोन शेळ्या आणि घरात तिघंच: तो, त्याची आई गजराबाई आणि बायको इंद्रायणी.

इंद्रायणी चाळिशीला टेकली होती आणि पळायची. त्याची सुरुवात तिच्या मुलीपासून झाली. प्रांजलला पोलीस भरतीची तयारी करायची होती. पण पहाटे कॅनॉलच्या कडेनं एकट्या पोरीला कोण सोडणार? दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या. म्हणून आई काठी घेऊन बरोबर जाऊ लागली. आधी मागं मागं चालायची. मग पोर फार पुढं जायला लागली तेव्हा अंतर पडू नये म्हणून थोडी पळायची. होता होता प्रांजलचं भरतीचं मन उडालं आणि ती नर्सिंगला पुण्याला गेली. आईचं पळणं मात्र चालूच राहिलं. आता ती उजाडल्यावर जायची, रविवारी आळेफाट्याच्या पळणाऱ्या मंडळींत मिसळायची. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, दोन शिक्षक होते, एक बँकेतल्या बाई होत्या. त्यांच्या नादानं तिनं घाटघरच्या डोंगरदौडीला नाव दिलं होतं. एकवीस किलोमीटर. दौड तीन-चार आठवड्यांवर आली होती.

रविवारचं लांब पळणं झालं की तिच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. त्या मंडळींत जवळजवळ प्रत्येकाकडं ते मशीन होतं. मसाज गन म्हणत. कुणाचं कुठल्या कंपनीचं, कुणाचं किती स्पीडचं, यावर पळण्यापेक्षा जास्त चर्चा व्हायची. इंद्रायणी ऐकून घ्यायची आणि कधीतरी प्रांजलला फोनवर सांगायची. प्रांजलनं ते बापाला सांगितलं.

इंद्रायणीनं खोका उघडला. आत बिल होतं. ते पाहून तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"अहो, एवढ्यात दुभती शेळी आली आसती."

"नाय पटलं तर आठवड्यात परत घेत्यात," दादाभाऊ टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला. "खोका फाडू नको फक्त."

म्हणजे आठवडा होता हातात. वापरून बघायचं आणि ठरवायचं. इंद्रायणीला ते पटलं. नाहीतरी त्या मंडळींत कुणी धड सांगत नव्हतं की या मशीननं नेमकं होतं काय. सगळे म्हणायचे, लई भारी वाटतं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती ओट्यावर पाय पसरून बसली. मशीन घरघरायला लागलं. पोटरीवर लावलं की मांस थरथरायचं, गुदगुल्याही व्हायच्या. पण मांडीच्या मागं हात पुरेना. वाकून, वळून, भिंतीला टेकून तिनं सगळे प्रकार करून पाहिले. दादाभाऊ खांबाला टेकून मोबाईल बघत होता. थोडा वेळ त्यानं ती झटापट पाहिली आणि मोबाईल खिशात टाकला.

"दे हिकडं. पालथी पड."

इंद्रायणीनं आधी दाराकडं पाहिलं. आत सासूची मालिका चालली होती. मग ती पालथी झाली. दादाभाऊनं मशीन तिच्या पोटरीवर टेकवलं, एका हातानं घोटा धरला, आणि अगदी टेम्पोचं काही काम करावं तशा गंभीर चेहऱ्यानं ते खालीवर फिरवू लागला.

घरघर ऐकून गजराबाई बाहेर आल्या.

"काय चाललंय रं दादा?"

"मशीन चालिवतोय."

"बायकूचं पाय दाबतुयास?"

"मी कुठं दाबतोय? मशीन दाबतंय. मी निस्तं धरलंय."

गजराबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आत गेल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. इंद्रायणीला एवढं हसू आलं, की तिनं तोंड चादरीत खुपसलं. दादाभाऊही हसत होता. ते तिला दिसलं नाही, पण घोट्यावरच्या त्याच्या हातातून कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं आपणहून विचारलं, "बसायचं का?" तिसऱ्या दिवशी तिनं विचारायच्या आधीच मशीन चार्जिंगवरून काढलेलं होतं.

या घरात नवरा-बायकोनं निवांत बोलावं अशी जागा नव्हती. दोन खोल्या, मधे नुसता पडदा, आणि गजराबाईंचे कान वयाच्या मानानं फार चांगले. लग्न झालं तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलत आली होती. डिझेल, खत, प्रांजलची फी, उद्या डबा हवा की नको. भांडणही कुजबुजत व्हायचं. आता मशीनच्या घरघरीत बोललेलं आत ऐकू जात नव्हतं. हे आधी दादाभाऊच्या लक्षात आलं.

"एक इचारू?" तो म्हणाला. "पळताना तू काय इचार करतीस?"

असं काही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं हनुवटी हातांवर टेकवली.

"आधी घरातलंच. काय शिजवायचं, शेळीला पाला आणायचाय, आत्यांच्या गोळ्या संपल्यात. मग कॅनॉलची दुसरी मोरी गेली ना, की ते एकेक गळतं. मग काईच नसतं डोक्यात. निस्ता श्वास येतो-जातो."

"भ्या नाय वाटत?"

"कशाचं?"

"डोक्यात काईच नसल्याचं."

"न्हाई. बरं वाटतं. तुमाला कवा व्हतं का आसं?"

दादाभाऊनं मशीन दुसऱ्या पायावर नेलं. "आणे घाट चढताना व्हतं. मागं माल भरलेला आसतो, गाडी दुसऱ्या गिअरला आसती. त्या टायमाला घर बी आठवत नाय." मग म्हणाला, "तुला सांगितलं नाय कवा. म्हणलं, तुला वाटंल, ह्याला घर आठवत नाय."

गजराबाईंनी दोन दिवस मशीनकडं ढुंकून पाहिलं नाही. एका दुपारी दादाभाऊ बाहेर गेलेला असताना त्यांनी सुनेला हाक मारली.

"ते तुझं घरघर आण जरा. हितं लाव, गुडघ्यापाशी."

इंद्रायणीनं कमी वेगावर लावलं. म्हातारीनं डोळे मिटले. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या. लग्नाच्या आधीपासून ती मेंढरांमागं हिंडलेली. दरसाल दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी वर यायचं, असं तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"आत्या, तवा पाय दुखत आसतील की लई."

"दुखायचं. पर कोण दाबतंय?" गजराबाईंनी डोळे उघडले नाहीत. "तुझा सासरा लंगड्या मेंढीचा पाय चोळीत बसायचा, कितीबी येळ. हात लई मऊ व्हता त्याचा. माझं पाय न्हाई कवा चोळलं. मला बी कवा वाटलं नाय, सांगावं त्याला."

इंद्रायणीनं मशीन दुसऱ्या गुडघ्याकडं नेलं.

"बास," गजराबाई म्हणाल्या. "आता मुंग्या आल्या."

मशीननं इंद्रायणीच्या पोटऱ्या हलक्या झाल्या होत्या, यात शंका नव्हती. पण तिच्या उजव्या नडगीवर, आतल्या बाजूला, एक जागा दुखत होती. मशीन घ्यायच्या आधीपासूनच. पळायला लागलं की टोचायची. आधी पळून अंग तापलं की जायची, आता जात नव्हती. मशीन लावलं की ती जागा बधिर व्हायची आणि तासभर बरं वाटायचं. तेवढ्या भरवशावर ती रोज सकाळी कॅनॉलवर जात होती. दौड जवळ आली होती. आता थांबून चालणार नव्हतं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दादाभाऊ मशीन फिरवत असताना तिनं पाय झटकन ओढून घेतला. त्यानं मशीन बंद केलं आणि अंगठ्यानं नडगीवर हळूच दाबत तो वर सरकला.

"आई गं!"

"हे काय?"

"काय नाय. तिथं जरा दुखतं. मशीन लावलं की जातं."

"जातं म्हणतीस, मग बोट लावलं तर वरडतीस का?" त्यानं परत त्याच जागेवर अंगठा आणला, या वेळी नुसता टेकवला. ती ओठ चावून बसली. "किती दिस झालं?"

"झालं आसतील पंधरा दिस."

"आनि पळतीस त्याच्यावर?"

मशीन बंद होतं, त्यामुळं आता आवाज खाली ठेवावा लागत होता. इंद्रायणी कुजबुजत पण तावातावानं बोलली. "तीन आठवडे राहिलेत. सगळ्यांना म्हाईत झालंय मी जाणार म्हणून. इतकं दिस पळले ती काय आता बसायला? तुमाला काय कळतंय, तुमी कवा पळला?"

दादाभाऊनं मशीन बाजूला ठेवलं.

"नाय पळलो," तो म्हणाला. "पर गाडी खडखड वाजाया लागली तर मी रेडिओ मोठा करून गाडी हाणत नाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाडं घेतलं नाही. दोघं टेम्पोनं नारायणगावला गेली. तिथं मोहिनी नावाच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा दवाखाना होता. आळेफाट्याच्या मंडळींतले बरेच जण त्यांच्याकडं जायचे. मोहिनी मॅडमनी नडगी तपासली, तिला एका पायावर उभं करून हलकी उडी मारायला सांगितली. इंद्रायणीनं उडी मारली आणि टेबल धरलं.

"बसा ताई. हे मांसाचं दुखणं वाटत नाही. हाडावर ताण आलाय. असंच पळत राहिलात तर चीर पडेल. कदाचित बारीकशी पडलीही असेल. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला दिसतेच असं नाही. डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते. पण काही दिसो न दिसो, आता पळणं बंद. निदान दीड महिना."

"दौड हाय माझी."

"ती पुढच्या वर्षीही असेल."

इंद्रायणीनं मान खाली घातली. दादाभाऊनं पिशवीतून मशीन काढून टेबलावर ठेवलं. ते त्यानं बरोबर आणलंय हे तिला माहीत नव्हतं.

"म्याडम, हे घ्यावं का नाय, तेवढं सांगा. उद्या परत करायची मुदत हाय."

मोहिनी मॅडम हसल्या. "माझ्याकडंही आहे एक, आतल्या खोलीत. पेशंटना आवडतं म्हणून वापरते. दमलेल्या मांसाला त्यानं बरं वाटतं, एवढं खरं. हातानं चोळलं, गरम पाण्यानं शेकलं, तरी साधारण तेवढंच बरं वाटतं. पळण्यात ताकद वाढते, दुखणं मुळातून जातं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि हाडाजवळ तर लावूच नका. घरात कुणाच्या पायाला फुगलेल्या शिरा आहेत का? त्यांनाही नको."

दोघांनी एकदम एकमेकांकडं पाहिलं; गजराबाईंच्या गुडघ्यांचं इंद्रायणीनं त्याला सांगितलं होतं. मॅडमना त्यातलं काय ते कळलं असावं.

"ताई, झोप किती होते तुमची?"

"होती की. पहाटं उठायचं, रातच्याला भांडीकुंडी झाली की पडायचं."

"आणि दिवसा कधी पाय पसरून बसता?"

इंद्रायणीनं आठवून पाहिलं. "हे मशीन लावायच्या टायमाला बसते," ती म्हणाली आणि तिचं तिलाच ते ऐकून विचित्र वाटलं.

"मग मशीनपेक्षा त्या बसण्याचाच गुण जास्त असेल," मोहिनी मॅडम म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

परतीच्या वाटेवर इंद्रायणी खिडकीकडं तोंड करून रडत होती. आळेफाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दादाभाऊ म्हणाला, "माझंच चुकलं. म्याच आणलं ते. त्यानं दुखणं झाकलं."

"झाकलं म्या. मशीनला काय कळतंय?" तिनं पदरानं नाक पुसलं. "परत करा ते."

"नक्की?"

"हां. नक्की."

पुण्याच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीनं खोका उघडून सगळं आहे का पाहिलं आणि विचारलं, "काका, परत करायचं कारण काय लिहू? खराब निघालं?"

"न्हाई. चांगलं हाय."

"उपयोग नाही झाला?"

दादाभाऊनं विचार केला. "उपेग झाला," तो म्हणाला. "झाला म्हणूनच." मुलीनं काहीतरी टाईप केलं. काय ते त्यानं पाहिलं नाही.

डॉक्टरांनीही दीड महिन्याचंच सांगितलं. रोज उजाडायच्या वेळी इंद्रायणीला जाग यायची आणि ती पडून राहायची. कॅनॉलकडून पाण्याचा वास यायचा. दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसायची आणि दादाभाऊ पलीकडच्या टोकाला, खांबाला टेकून मोबाईल बघायचा. मशीन नव्हतं तर जवळ जाऊन बसायला निमित्तही नव्हतं, आणि निमित्ताशिवाय जाऊन बसायची सवय त्याला नव्हती. तो तिच्याकडं बघायचा, मग परत मोबाईलकडं. असे चार-पाच दिवस गेले. इंद्रायणीच्या लक्षात आलं की आपल्याला कॅनॉलइतकंच हे संध्याकाळचं बोलणंही लागून राहिलंय.

"अहो," ती एका संध्याकाळी म्हणाली. "हिकडं या ना."

"काय झालं? पाय दुखतो का?"

"न्हाई. पाय बरा हाय."

"मग?"

"मग काय? दिसभर कुणाशी बोलले नाय."

दादाभाऊनं आतल्या दाराकडं मान केली आणि आवाज खाली आणला. "आई ऐकंल."

"ऐकू द्या."

आत टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. दोघांनी तो ऐकला. दादाभाऊ उठला आणि तिच्याजवळ येऊन बसला. मग तो मंचरच्या मार्केटात आज दोन हमालांचं कसं भांडण झालं ते सांगू लागला. चांगलं रंगवून सांगत होता. त्याला असं सांगता येतं हे इंद्रायणीला माहीत नव्हतं. मधेच आतून गजराबाईंनी विचारलं, "मग त्या दुसऱ्याचं काय झालं रं?"

दौडीच्या आदल्या आठवड्यात बँकेतल्या बाईंचा फोन आला. दौडीच्या वाटेवर, चावंडच्या पुढं, पाणी द्यायला माणसं कमी पडत होती, याल का? इंद्रायणी आधी नाही म्हणाली. दुसरे पळणार आणि आपण कडेला उभं राहायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. फोन ठेवल्यावर दादाभाऊ म्हणाला, "पाण्याचं जार कशात नेणार हायत ती?"

"काय म्हाईत."

"इचार. टेम्पो हाय आपला."

म्हणून त्या रविवारी दोघं तिथं होती. धुकं एवढं दाट होतं की शेजारच्या धरणाचं पाणी कुठं आहे तेही कळत नव्हतं. टेबलावर कागदी पेले मांडून झाले. केळी कापून झाली. दादाभाऊनं कानाला मफलर गुंडाळला होता आणि तो सारखा रस्त्याच्या वळणाकडं बघत होता. आधी बुटांचा आवाज आला, मग धुक्यातून माणसं. पुढची पोरं पेले न घेताच गेली. त्यांच्या मागून दातांचे डॉक्टर आले, दोन पेले पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि "पुढच्या वर्षी वहिनी!" असं ओरडून गेले. इंद्रायणीनं पुढचा पेला उचलला.

मग एक बाई आली. वयानं इंद्रायणीपेक्षा मोठी, डोक्याला रुमाल बांधलेला, एकटीच. ती काही जोरात पळत नव्हती. पण तिची नजर समोर, कुठंतरी लांब लागली होती, आणि चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता. तिनं पाणी घेतलं, मान हलवली आणि त्याच चालीनं चढाला लागली. दादाभाऊ ती धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"तू बी अशीच दिसतीस का गं पळताना?"

"मला काय म्हाईत? म्या मला कवा बघितलंय?"

त्यानं जार तिरका करून रिकाम्या पेल्यांत पाणी भरलं. "बरी होऊन पळाया निघालीस की सांग," तो म्हणाला. "त्या दिशी भाडं घेत नाय मी."

वळणावरून आणखी सात-आठ जण आले, आणि दोघांनीही दोन्ही हातांत पेले घेतले.